फिल्टर स्वच्छ होता

—नाही नाही, दादा, त्या टेबलावर पाय नका देऊ, ते डगमगतं, मी स्वतः त्याच्यावर — म्हणजे मला माहितेय ते डगमगतं, म्हणून सांगते. शिडी आहे ना, मी धरते शिडी. धरलीय. घट्ट धरलीय. तुम्ही बिनधास्त चढा. आणि ते स्क्रू असे ओठांत धरू नका हो, माझा जीव खालीवर होतो, मध्येच शिंक आली म्हणजे? — बरं, धरा, तुमची सवय असेल. एका परीने बरंच आहे, तुम्हाला बोलता येणार नाही आणि मला गप्प बसवता येणार नाही. सगळे खाली जेवायला गेलेत. एरवी अर्ध्या तासात वर येतात, पण चार दिवस मशीन बंद असल्यामुळे हॉल असा तापलाय की आज तासभर तरी कोणी फिरकत नाही. मॅडम आहेत, पण आत केबिनमध्ये, दार लावून, फोनवर. त्यांनीच मला सांगितलं, मेकॅनिक येईल, त्याच्यापाशी थांब, काय म्हणतो ते नीट ऐक आणि त्याच्या कागदावर ऑफिसतर्फे सही कर. मला! एवढ्या माणसांत मलाच. का, तर माझं टेबल या एसीच्या बरोब्बर खाली आहे, तुलाच जास्त माहीत असणार — आई गं! काय पडलं? स्क्रूड्रायव्हर होय. नाही, लागलं नाही, मी अशीच दचकते. इथे मला ससा म्हणतात. तोंडावर म्हणतात, मागून काय म्हणतात देव जाणे.

एक विचारू का — विचारू की नको — विचारतेच. तुम्ही तो कागद आधीच भरून ठेवलात का? नाही, मी मुद्दाम नाही वाचला, उघडाच पडलाय तो तिथे, आणि मला उलट्या बाजूनेही वाचता येतं, पुलांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात येतंच ते. तक्रार, पाणी गळणे. कारण, फिल्टर चोक. तुम्ही अजून झाकणसुद्धा काढलं नव्हतंत, दादा! ... हं. हं. दहातल्या आठ वेळा तेच असतं. असेल, तुमचा अनुभव आहे. सोमवारी फोनवर मॅडमना तुम्ही हेच सांगितलंत. फोन स्पीकरवर होता, अख्ख्या हॉलने ऐकलं — "मशीनवर बर्फ धरला म्हणजे फिल्टर धुतलेला नाही, लिहून घ्या." तुमच्या लेखी ते एक वाक्य होतं. तुम्ही तेव्हा दुसऱ्याच कुठल्यातरी शिडीवर असाल, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून, हो ना? मला तसंच दिसतं नेहमी. चूक नाही म्हणत मी. पण ते वाक्य इथे ज्याच्यावर पडलं तो माणूस तीन दिवस घरी बसलाय.

मी वाचलंय यावर. हसू नका, सोमवारपासून मी दुसरं काही वाचलेलंच नाही. मशीन गार करत नसेल तर आधी रिमोटचे सेल बघा, मग मोड बघा, पंख्याच्या चित्रावर राहिलं असेल तर नुसता वारा येणार, आणि लोक उगीच मेकॅनिकला बोलावतात — हसलात, म्हणजे बोलावतात! वास येत असेल तर आत बुरशी. खडखड होत असेल तर कुठलीतरी पट्टी सैल. सारखं आपोआप बंद होत असेल तर बाहेरच्या युनिटला मोकळी जागा नाही. आणि आत पाणी गळत असेल तर चार कारणं. एक, फिल्टर तुंबलेला. दोन, गॅस कमी. तीन, पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबलेला. चार... चौथं आत्ता नाही आठवत. असतं काहीतरी.

निघाला? द्या, इकडे द्या खाली, मी घेते फिल्टर. आता बघा. नाही, बघाच तुम्ही, मी उजेडासमोर धरते. पलीकडची खिडकी दिसतेय की नाही? खिडकीच्या गजांवरचा गंज दिसतोय मला यातून! याला चोक म्हणतात? ही जी पुसट धूळ आहे ती फार तर आठ-दहा दिवसांची. आमचे काका धुतात तो. दर दुसऱ्या शनिवारी, मागच्या नळावर, दात घासायचा जुना ब्रश घेऊन, एकेक घर घासतात, आणि उन्हात नाही वाळवत, उन्हाने जाळी वाकडी होते म्हणे, जिन्यात वाळवतात. मग त्या खिळ्याला वही टांगलीय ना, तिच्यात तारीख घालून सही. बावीस वर्षं. आधी दुसरी मशीन होती, तेव्हापासून. काका म्हणजे हॉलचं सगळं बघणारे, किल्ल्या, पाणी, नकाशांची कपाटं, आणि हे मशीन. हे कधी बंद करायचं नसतं आमच्याकडे, सुट्टीच्या दिवशीही नाही, जुने नकाशे शाईचे आहेत आणि त्यांना दमट हवा सोसत नाही. माणसांपेक्षा कागदांची बडदास्त जास्त, असं काकाच म्हणतात. ते मला बाळ म्हणतात. ससा नाही म्हणत.

मंगळवारी मॅडमनी त्यांना हॉलच्या मध्ये उभं केलं. ओरडल्या नाहीत, मॅडम ओरडत नाहीत, तेच वाईट आहे. "काका, फिल्टर धुतला होता?" "धुतला होता." "मग बर्फ कुठून आला?" काकांनी वर मशीनकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाले, "ते मला कळत नाही. पण फिल्टर स्वच्छ होता." तेवढंच. आणि आमच्यात एक आहे, त्याला सतत उकडतं, त्याला भट्टी म्हणतात — रिमोट कायम त्याच्या ताब्यात — तो मागून म्हणाला, "काकांनी फिल्टर नाही, नुसती सही धुतली असेल वहीत." सगळे हसले. मीही हसले. का हसले मी? म्हणजे सगळे हसत असताना एकटीनेच नाही हसलं तर दिसतं ना ते. तर हसले. काकांनी बघितलं हसताना. रागाने नाही हो — नुसतं बघितलं, कोण कोण हसतंय ते माणूस जसं बघतं. मग मॅडम म्हणाल्या, मेकॅनिक येऊन लिहून देईल ते खरं, तोवर तुम्ही घरी बसा. आज चार वाजता त्यांना बोलावलंय. तुमच्या त्या कागदावर जे असेल त्यावरून ठरणार, काका राहणार की जाणार. आणि जाताना खोटी सही करणारा म्हणून जाणार, नुसते नाही. आता कळलं मी का विचारतेय?

तर मी काय म्हणत होते — तुम्ही गॅस लिहा ना. गॅस कमी झाला होता. गॅसचं कोणाला काय कळतं, तो आपोआप जातो, त्यात कोणाचा दोष नसतो. काका सुटले, विषय मिटला. ... मोजलात? सकाळी येतानाच बाहेरच्या युनिटला मीटर लावून आलात? आणि पूर्ण आहे. बरं. मग थोडा कमी होता असं... नाही, तुम्ही म्हणता ते खरं, कंपनीत तपासतात. मग दुसरं काहीतरी लिहा! बाहेरचा पंखा बंद पडला होता, आतली मोटर मंद झाली होती, एवढं मोठं मशीन आहे, याच्यात एखादी वस्तू अशी नाही का जी स्वतःच्या मनाने बिघडते? माणसाशिवाय?

वरची जाळी? नाही, तिला काय झालंय. तिथे काही नाही. मी — तिथे काही नाही आता. ... काय "आता"? मी "आता" म्हटलं? म्हणजे आता, या क्षणी, तुम्ही बघताय ना तिथे, काही नाहीये. कसला डाग? चौकोनी? धुळीत चौकोन उमटलाय... हो का. मला इथून दिसत नाही. असेल काहीतरी.

शिडी हलली? सॉरी. सॉरी, दादा. मी धरलीय.

चौथं कारण, हवा अडणे. मला सगळी चारही पाठ आहेत. वरून हवा आत जाते, ती अडवली की आतल्या नळ्या गोठतात, घाम गोठतो त्यांच्यावरचा, आधी पांढरी साय आणि मग दगड. हे मी सोमवारनंतर वाचलेलं नाही. हे मला काकांनी पाच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, मी नवीन आले तेव्हा. गार झोत थेट माझ्या मानेवर यायचा. दिवसभर. घरी जाताना मान वळायची नाही, रस्ता ओलांडताना अख्खी वळायचे, आई म्हणायची ही अशी बाहुलीसारखी काय चालतेस. बोलायचं कोणाला? एकदा भट्टीने स्वतःच हॉलमध्ये विचारलं, ज्यांना गारठा वाटतो त्यांनी हात वर करा. तो थट्टाच करत होता. दादा, त्या दिवशी मी स्वेटर घातलेला, वर ओढणी, आणि माझा हात काही वर गेला नाही. तो म्हणाला, चला, एकमताने मंजूर. मग काकांनीच शिडी आणून समोरची पट्टी जरा वळवली माझ्यासाठी. आणि म्हणाले, "बाळ, समोर काय हवं ते कर, वरती मात्र हात लावू नको. वर त्याचं नाक आहे. नाक दाबलं की जीव घुसमटतो त्याचा." अगदी याच शब्दांत. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी देवासमोरही म्हणू शकत नाही.

पट्टी वळवून काही होईना. भट्टी रिमोटने परत खाली करायचा. मग एक दिवस मी लवकर आले आणि टेबलावर चढले — हो, याच, डगमगणाऱ्या — आणि वरच्या जाळीवर ट्रेसिंग पेपर ठेवला. अर्ध्याच जाळीवर. टेपही लागत नाही, मशीन स्वतःच ओढून धरतं. आणि झोत मऊ झाला. इतका मऊ! पहिल्यांदा त्या दिवशी मी दुपारी काय जेवले ते मला आठवतंय, एवढं बरं वाटलं. खालून दिसत नाही, कोणाला कळत नाही, कोणाला सांगावं लागत नाही. मला हवी असते ती गोष्ट नेहमी अशीच, कोणाला सांगावी लागणार नाही अशी. मग काकांकडून दाराची दुसरी किल्ली मागून घेतली, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, ठेवायचा, आणि सगळे गेले की काढायचा. तीन महिने. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं — बघा, ही पोर सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं लाजली.

शुक्रवारी माझ्या मावसबहिणीचा फोन आला, खाली गाडी घेऊन उभी आहे, दोन मिनिटांत ये. आणि मला लोकांना थांबवून ठेवणं जमत नाही. पळाले. अर्ध्या रस्त्यात आठवलं. गाडीत आठवलं मला, दादा! रविवारी नाही, सोमवारी नाही, तिथेच, सिग्नलला. "गाडी वळव" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. तिच्याबरोबर तिच्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या गप्पा चालल्या होत्या, त्या हसत होत्या, आणि मी म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय. अर्धाच तर कागद. आणि रोज दहा-दहा तास असतोच ना, काही झालं का? नव्हतं झालं. पण दहा तासांनी रोज काढल्यावर रात्रभर ते वितळत असणार, थोडंथोडं, गुपचूप, आणि पाइपातून जात असणार. शुक्रवारपासून वितळायला वेळच नाही मिळाला. मग सोमवारी पहाटे वीज गेली, चार तास. तो दगड सुटून त्याचं पाणी व्हायला लागलं. त्या पाण्याखाली काय होतं? माझंच स्टँड. मी इथे जुने नकाशे स्कॅन करते, तेच माझं काम, आणि सोमवारसाठीचे चौदा नकाशे मी कपाटातून काढून बाहेर ठेवून गेले होते, सोमवारी वेळ वाचावा म्हणून. शाईचे, हाताने काढलेले. त्यांतले सहा मॅडमच्या पहिल्या पुलाचे. त्यांच्या हातचे. एकाच्या मधोमध चार खांब होते, तिथे आता निळा फुगा आलाय. मॅडमनी त्याला एक बोट लावलं, असं, आणि ते पदराला पुसलं.

काय म्हणता? तुम्ही कशाला सांगताय आम्हाला हे, ना? स्क्रू काढलेत वाटतं तोंडातून. खरंय. मलाही कळत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुला कोणी विचारलं का? नाही ना? मग? सहा महिने भरत आलेत तुझे, या महिन्यात पक्की होशील, मुकाट्याने मान खाली घालून काम कर. तिचंही चूक नाही, तिने माझ्या नोकरीसाठी किती जणांचे उंबरे झिजवले ते मला माहितेय. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मशीनचं झाकण लावून निघून जाल. आणि वाटलं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत. अजून एक राहिलंय म्हणून असेल.

राहू द्या ते. तुम्ही काम करा. ते पाणी कशाला ओतताय? आतल्या पन्हाळीत ओतून बघायचं, बाहेर जातंय का ते. बरं, ओता. ... दादा, खाली येतंय. भिंतीवरून येतंय! थांबा, माझ्या टेबलावर — फडकं कुठाय — हे घ्या, हे धरा. म्हणजे पाइप... फुंकताय? अगं बाई. काय निघालं ते? शेवाळाची गोळी. ही तर अंगठ्याएवढी आहे! ही आठवड्याची नाही. ही कितीतरी... म्हणजे पाइप जवळजवळ बंदच होता? पाणी बाहेर जायला झिरपण्यापुरतीच वाट होती?

माझ्यामुळे नाही. म्हणजे मग माझ्यामुळे नाही! पाइपामुळे! ... एक मिनिट, मला बसू द्या. तुम्ही शिडीवर नीट उभे राहा, मी सोडतेय, बसते मी जरा. चार दिवसांत पहिल्यांदा हलकं — नको. थांबा. मला खरं सांगा. पाइप तुंबलेला आणि वर कागद नसता, तर काय झालं असतं? आज ना उद्या थेंब थेंब गळलं असतं, ना. आम्ही बघितलं असतं, काकांनी बादली लावली असती आणि तुम्हाला फोन केला असता. आणि कागद असता पण पाइप मोकळा असता, तर वितळून गेलं असतं बाहेर. थोडंफार सांडलं असतं. बरोबर? बरोबर. म्हणजे दोघांचं मिळून झालं. माझं आणि पाइपाचं. काकांचं काहीच नाही. कुठल्याच बाजूने नाही.

या झाकणाच्या आतल्या बाजूला काय चिकटवलंय? तारीख. तीन महिन्यांपूर्वीची. सर्व्हिसिंग केलं. कॉइल धुतली, बरोबरची खूण. गॅस बघितला, खूण. ड्रेन, म्हणजे हाच पाइप, साफ केला, खूण. खाली सही. ... तुमचीच आहे ना ही? टेबलावरच्या कागदावरही असंच शेपूट आहे. नाही, तुम्ही काही बोलू नका. मी पण नाही बोलत.

तो पाइप परत लावून घ्या तुम्ही.

काय म्हणालात? परत म्हणा. "तुमचंही झाकतं, आमचंही झाकतं." फिल्टर चोक राहू द्यायचं, मी सही करायची, तुम्ही निघायचं. आणि फिल्टर? तो स्वच्छ आहे ना. ... हो, मागच्या गच्चीवर धूळ आहे. हो, दोन मूठ धूळ लावायला काय लागतं. दादा, तुम्ही वाईट माणूस नाही, मला दिसतंय, तुमचे कान लाल झालेत. त्या दिवशी सात ठिकाणी जायचं होतं, म्हणता, उन्हातान्हात, आणि एका ठिकाणी पाइप नाही फुंकला. मला समजतं. माझ्याइतकं कोणाला समजणार? आणि खरं सांगू, तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? की काका घरी गेल्यापासून गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे. हे आलं मनात. दुसरं काही येण्याच्या आधी.

त्या राहिलेल्या गोष्टीसारखंच. सांगूनच टाकते, तुम्ही कोणाला सांगणार आहात? सोमवारी मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आले. दार उघडलं तर टप टप टप. नकाशांवर पडत होतं. वरचे दोन-तीन भिजले होते, खालचे कोरडे होते अजून, कडा वर होत्या, मी बघितलं. आणि मी काय केलं? आधी टेबलावर चढले आणि कागद काढला. ओला, गिळगिळीत झालेला. घडी केली, पर्समध्ये टाकला. खाली उतरले. आणि मग नकाशांना हात नाही लावला. का, तर हात लावला म्हणजे मी पहिली आले होते हे कळणार, आणि पहिली आले म्हणजे का आले, रोज का येते. दार ओढून घेतलं, जिन्याने खाली गेले, आणि पलीकडच्या कोपऱ्यावर उभी राहिले. चहा घेतला. घड्याळात बघितलं होतं मी, वीस मिनिटं. काका आत जाताना दिसले तेव्हा अजून पाच मोजली आणि मग चढले. काकांनी स्वतःचा शर्ट काढला होता, बनियनवर होते, शर्टाने टिपत होते, आणि एकेक नकाशा दोन्ही हातांवर आडवा घेऊन नेत होते, आंघोळ घातलेलं तान्हं नेतात तसं. मला बघून म्हणाले, "बाळ, तू नको येऊ इकडे, पाणी आहे, पाय घसरेल." एवढं म्हणाले. मी दारात उभी. चहाची चव होती तोंडात.

पेन द्या तुमचं. नाही, सहीसाठी नाही. ग्राहकाचा शेरा — दोनच ओळींची जागा ठेवलीय, तुमच्या कंपनीला वाटतं ग्राहकाला फार काही म्हणायचं नसतं. मागच्या बाजूला लिहिते. तुमच्या पाइपाचं एक अक्षर मी लिहीत नाहीये, घाबरू नका. ते तुमचं आहे, तुम्ही काय लिहायचं ते लिहा, किंवा नका लिहू. पण पुढच्या बाजूचं ते फिल्टर चोक खोडा आणि खोडलंय तिथे सही करा. खोडा ना, दादा. तेवढं खोटं आहे हे तुम्ही स्वतःच्या हाताने काढून बघितलंय... हं. थँक्यू. आता थांबा. मला लिहिताना कोणी बघितलं की अक्षर बिघडतं, जरा तिकडे बघा.

झालं. चारच वाक्यं. आता हे मी मॅडमच्या दारातून आत सरकवणार आणि खाली जाणार. त्या वाचतील तेव्हा मी समोर नसेन. मला लिहिता येतं, बोलता येत नाही. — हसताय काय, अर्धा तास कोण बोलतंय म्हणून? ते वेगळं. तुमचं नावही मला माहीत नाही, तुमच्या तोंडात स्क्रू होते.

कोण आहे? कोणीतरी आलं जिन्यात. इतक्या लवकर? पावलं तर — काका. अहो काका, तुम्ही! चारला होतं ना? ... हो, घरी करमत नसणार. या ना. ... हो, हे मेकॅनिक. हो, उघडलंय. ... फिल्टर तिथे आहे, टेबलावर. बघा तुम्ही. ... हो, काका. स्वच्छ आहे. स्वच्छच होता. त्यांनीही बघितला. ... हा कागद? हा मॅडमसाठी आहे. म्हणजे तुमच्याबद्दल आहे. नाही, माझ्याबद्दल आहे. तुम्हीच वाचा आधी, तुमचा हक्क आहे, घ्या, मी तोवर खाली जाऊन येते — काय झालं? चष्मा? घरी राहिला? मग मॅडम वाचून दाखवतील की, त्या आहेत आत... मी? मोठ्याने?

दादा, तुम्ही निघा आता. पिशवी नंतर भरा. शिडी राहू दे तशीच. निघा ना, प्लीज. दार लोटून घ्या.

बसा, काका. नको, तुम्ही उभे नका राहू, मग मला वाचता येणार नाही. वाचते. "फिल्टर स्वच्छ होता. काकांनी तो नेहमीप्रमाणे आधीच्या आठवड्यातल्या शनिवारी धुतला होता. मशीनच्या वरच्या जाळीवर कागद होता, त्याने हवा अडून बर्फ धरला. तो कागद मी ठेवला होता."

एवढंच लिहिलंय. पण एवढंच नाहीये, काका. सोमवारी मी तुमच्या आधी आले होते.